पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं फुटेज: आधी जपायला लावा, प्रत नंतर मागा

पोलीस ठाण्यात मारहाण झाली, रात्रभर कागदावर न घेता बसवून ठेवलं, नाकाबंदीत शब्दाला शब्द लागला आणि उलट तुमच्यावरच ‘तीनशे त्रेपन्न’ लागलं, म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळजबरी केल्याचं जुनं कलम, आताच्या भारतीय न्याय संहितेतलं कलम १३२. अशा वेळी बहुतेकांना कॅमेरा आठवतो तो दोन-तीन आठवड्यांनी. मग माहिती अधिकाराचा अर्ज जातो. महिन्याने एका ओळीचं उत्तर येतं, ‘सदर कालावधीचे फुटेज उपलब्ध नाही’, आणि प्रकरण तिथेच बसतं.

यात अर्जाची भाषा चुकलेली नसते, क्रम चुकलेला असतो. लोक आधी प्रत मागतात. प्रत मिळायला महिने लागले तरी चालतं, पण फुटेज तेवढे दिवस टिकत नाही. म्हणून पहिलं पत्र ‘द्या’ म्हणणारं नको, ‘पुसू नका’ म्हणणारं हवं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळून पुढे गेलात तर बहुधा परत मागे यावं लागेल.

१. कॅमेरा कोणाचा, हे आधी ठरवा

‘पोलिसांचा कॅमेरा’ म्हणून आपण जे म्हणतो त्यात किमान चार वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा ताबा वेगळ्याकडे असतो.

ठाण्याच्या इमारतीतले सीसीटीव्ही ही पहिली. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजीत सिंग या प्रकरणात देशातल्या प्रत्येक ठाण्यासाठी हे कॅमेरे बंधनकारक केले. कुठे लावायचे, तेही सांगितलं: मुख्य दार, येण्या-जाण्याचे सगळे मार्ग, लॉकअप, व्हरांडा, लॉबी, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाणे अंमलदाराची खोली, स्वच्छतागृहाच्या बाहेरची बाजू, मागचं आवार. दृश्यासोबत आवाज आणि रात्रीचं चित्रण हवं. फुटेज १८ महिने ठेवायचं; तेवढ्या क्षमतेचं यंत्र बाजारात नसेल तर मिळेल त्यातलं जास्तीत जास्त क्षमतेचं घ्यायचं, पण एक वर्षाच्या खाली यायचं नाही. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची, हेही त्यात नावानिशी आहे.

दुसरी गोष्ट गणवेशावरचा बॉडी कॅमेरा. इथे दोन गैरसमज फार आहेत. छातीवर कॅमेरा दिसला म्हणजे रेकॉर्डिंग झालंच असं नाही. ते चालू करावं लागतं, आणि चालू करणारा हात त्याच पोलिसाचा असतो. शिवाय वरच्या निकालातली मुदत ठाण्यातल्या सीसीटीव्हीसाठी आहे, गणवेशावरच्या कॅमेऱ्याला ती आपोआप लागू होते असं धरून बसू नका. ड्युटी संपल्यावर कॅमेरा जमा होतो, रेकॉर्डिंग उतरवून घेतलं जातं आणि कॅमेरा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या छातीवर जातो. इथे उशीर सगळ्यात महाग पडतो.

तिसरी गोष्ट झडती-जप्तीचं चित्रीकरण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. ते बहुतेक वेळा अधिकाऱ्याच्या मोबाइलवर, ‘ई-साक्ष्य’सारख्या ॲपमधून होतं. म्हणून ते ठाण्याच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात, शोधू नका.

चौथी गोष्ट रस्त्यावरचे, फलाटावरचे आणि दुकानांचे कॅमेरे. रेल्वे स्थानकावर तर तिहेरी गोंधळ होतो. लोहमार्ग पोलीस राज्याचे, आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) केंद्राचं आणि फलाटावरचे कॅमेरे सहसा रेल्वेचे. पत्र चुकीच्या दारात गेलं की आठवडा गेला. ठरवता येत नसेल तर तिन्ही ठिकाणी पाठवा. तीन स्पीड पोस्टचा खर्च काही फार नाही.

तपासून पाहा: एका कागदावर घटनेची जागा आणि तिच्या आसपासचे सगळे कॅमेरे लिहा, समोरच्या मेडिकलचा आणि कोपऱ्यावरच्या एटीएमचाही. खाजगी दुकानदाराचा डीव्हीआर सर्वांत आधी पुसला जातो. त्याच्याशी भांडू नका. ‘काका, एवढ्या वेळेचं रेकॉर्डिंग बाजूला काढून ठेवा, पोलीस किंवा कोर्ट मागेल तेव्हा द्या,’ असं सांगा आणि तेच दोन ओळींत लिहूनही द्या.

२. पहिल्या दिवशी: वेळ, माणूस, जखम

फुटेज मागताना ‘त्या दिवशी दुपारी’ असं लिहिलं तर अर्ज ‘मोघम’ म्हणून परत येतो. त्यामुळे आठवण ताजी आहे तोवर खालच्या गोष्टी लिहून काढा.

वेळ. ठाण्यात किती वाजता शिरलात, कोणत्या खोलीत नेलं, किती वाजता बाहेर पडलात. घड्याळ आठवत नसेल तर मोबाइलकडे वळा: घरी केलेला फोन, यूपीआयने दिलेले चहाचे पैसे, रिक्षाचं ॲप, ११२ वर केलेला कॉल. वाहतुकीचं प्रकरण असेल तर ई-चलनावर वेळ आणि ठिकाण छापलेलं असतं. ते चलन रागाच्या भरात फाडू नका, तुमच्या बाजूचा पहिला पुरावा तोच.

माणूस. नावाची पट्टी दिसली तर नाव, नाही तर पद, अंदाजे वय, अंगकाठी. बक्कल क्रमांक लक्षात राहिला तर उत्तमच. बॉडी कॅमेरा होता का, कुठे लावलेला होता, त्यावर दिवा दिसत होता का, हेही लिहा. अटक करणाऱ्याने स्पष्ट दिसेल अशी नावाची ओळख लावणं आणि अटकेचा पंचनामा करणं सुरक्षा संहितेच्या कलम ३६ नुसार बंधनकारक आहे. पट्टी नव्हती, तर ‘पट्टी नव्हती’ असं लिहा.

जखम. सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना जखम कशी झाली ते खरं सांगा. ‘पडलो’ असं एकदा केस पेपरवर गेलं की पुढे फुटेज असूनही तोच कागद तोंडावर मारला जातो. एमएलसी क्रमांक, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्यात होणाऱ्या नोंदीचा क्रमांक, जपून ठेवा.

माणूस अजून कोठडीत असेल तर मोलाचा क्षण म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरची पहिली हजेरी, जी चोवीस तासांच्या आत व्हायलाच हवी. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असं तिथे विचारलं जातं. बहुतेक जण बाजूला उभ्या असलेल्या हवालदाराकडे बघून ‘नाही साहेब’ म्हणतात. तक्रार असेल तर तिथेच सांगायची, जखम दाखवायची आणि वकिलांमार्फत, वकील नसेल तर तोंडी, एवढंच मागायचं: ‘ठाण्याचं अमुक ते अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवायचा आदेश द्यावा.’ याची नोंद रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत) झाली का ते वकिलांना पाहायला सांगा. दंडाधिकाऱ्यांच्या एका ओळीच्या आदेशाने जे होतं ते तुमच्या दहा पत्रांनी होत नाही.

सावधान: ठाण्यात स्वतः मोबाइलवर रेकॉर्डिंग करणं हा शासकीय गुपितं कायद्याखालचा गुन्हा नाही, पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. पण हा निकाल खिशात घेऊन ठाण्यात हुज्जत घालायला जाऊ नका. तिथे बसलेल्या दुसऱ्या तक्रारदाराचा, विशेषतः बाईचा किंवा मुलाचा, चेहरा तुमच्या व्हिडिओत आला तर नवीन अडचण तुम्हीच ओढवून घ्याल.

३. जपणुकीचं पत्र

हे पत्र शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जायला हवं. कागदावर मुदत १८ महिन्यांची असली तरी हार्ड डिस्क लहान असेल तर डीव्हीआर काही आठवड्यांतच जुन्यावर नवं लिहायला लागतो. त्या यंत्राला निकाल वाचता येत नाही.

या पत्राला फी नाही, नमुना नाही, शब्दमर्यादा नाही. तुमचा आधार त्याच २०२० च्या निकालात आहे. ठाण्याच्या दाराशी आणि आत मोठ्या अक्षरांत फलक लावायचा, त्यावर हे आवार कॅमेऱ्याखाली असल्याचं स्थानिक भाषेतही लिहायचं, आणि मानवी हक्कांचं उल्लंघन झालं तर पीडिताला फुटेज सुरक्षित करून घेण्याचा हक्क आहे हेही लिहायचं, असं न्यायालयाने सांगितलं आहे. तो फलक तुमच्या ठाण्यात आहे का, ते जाता-येता बघून ठेवा. नसेल तर तीही एक तक्रार झाली.

मजकूर साधारण असा:

> प्रति, प्रभारी पोलीस निरीक्षक, … पोलीस ठाणे
>
> विषय: दि. … रोजीचे सीसीटीव्ही व बॉडी कॅमेरा चित्रण जतन करणेबाबत
>
> महोदय, दि. … रोजी सकाळी १०.१५ ते दुपारी १.३० या वेळेत मी आपल्या ठाण्यात होतो. या वेळेत माझ्या हक्कांचे उल्लंघन झाले असून त्याबाबत मी सक्षम प्राधिकरणाकडे दाद मागत आहे. त्यासाठी सकाळी ९.४५ ते दुपारी २.०० या कालावधीचे मुख्य दार, ठाणे अंमलदार कक्ष, लॉकअपबाहेरील मार्गिका, व्हरांडा व अधिकारी कक्षांतील सर्व कॅमेऱ्यांचे दृश्य व ध्वनीसह चित्रण, तसेच त्या वेळी कर्तव्यावरील अंमलदारांना दिलेल्या बॉडी कॅमेऱ्यांचे चित्रण स्वतंत्र साधनावर उतरवून सुरक्षित ठेवावे. मा. सर्वोच्च न्यायालयाच्या दि. २ डिसेंबर २०२० च्या निकालानुसार ही विनंती आहे. हे पत्र मिळाल्यानंतर चित्रण नष्ट झाल्यास त्याची जबाबदारी निश्चित करण्याची मागणी करण्यात येईल.
>
> प्रत: पोलीस अधीक्षक / पोलीस आयुक्त, जिल्हाधिकारी, जिल्हास्तरीय देखरेख समिती

यात काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. मागितलेली वेळ प्रत्यक्ष वेळेच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि अर्ध्या तासाने नंतर संपते, कारण डीव्हीआरचं घड्याळ मागे-पुढे असणं हा अगदी रोजचा प्रकार आहे. ‘स्वतंत्र साधनावर उतरवून’ हे शब्द नसले तर ‘जतन आहे’ म्हणून कळवतात आणि ते त्याच डिस्कवर राहून पुसलं जातं. आरोपांचं वर्णन पत्रात जवळजवळ नाहीच. मारलं कोणी, कसं, किती, हे तक्रारीत लिहायचं. इथे चार पानं लिहिलीत तर पत्र ‘तक्रारी अर्ज’ म्हणून चौकशीला जाईल, आणि चौकशी संपेपर्यंत डिस्क फिरून गेलेली असेल.

जिल्हाधिकाऱ्यांना प्रत का? त्या निकालाने प्रत्येक जिल्ह्यात एक देखरेख समिती नेमायला सांगितली. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचे प्रमुख असतात. साठवलेलं फुटेज तपासून न नोंदवलेली हक्कभंगाची प्रकरणं आहेत का ते पाहणं हे या समितीचं कामच आहे. पोलिसांचं पत्र पोलिसांकडेच राहू नये म्हणून ही दुसरी वाट.

पत्र प्रत्यक्ष द्यायला जाताना दोन प्रती न्या, सोबत कोणाला तरी न्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ हे ऐकावं लागेल. साहेब असायची गरज नाही. पत्र ठाणे अंमलदाराकडे किंवा बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच देत नसतील तर वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, सोबत ठाण्याच्या आणि अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर फोटो टाका.

तपासून पाहा: पुढे जाण्याआधी हातात तीन कागद हवेत: पोच किंवा पोस्टाची पावती, पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत आणि एमएलसी किंवा केस पेपर. पोच नसलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र.

बॉडी कॅमेऱ्यासाठी तेच पत्र थोडं बदला. घटनेचं ठिकाण, नाकाबंदी किंवा चौकीचं नाव आणि ई-चलनाचा क्रमांक लिहा. वाहतूक शाखेचं प्रकरण असेल तर ते स्थानिक ठाण्याला नव्हे, वाहतूक शाखेच्या विभागाला जातं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

४. माहिती अधिकाराचे अर्ज: एक नाही, दोन

जपणुकीचं पत्र गेलं की लगेच, त्याच आठवड्यात, माहिती अधिकार. पत्राचं उत्तर येईल म्हणून थांबू नका, बहुधा येणार नाही. अर्ज लवकर टाकण्यात आणखी एक फायदा आहे. मागणी केलेली माहिती नष्ट केली तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २० खाली दंड होऊ शकतो, दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. अर्ज पडल्यावर तुमचं फुटेज ही ‘मागितलेली माहिती’ होते आणि ते पुसणं कोणाच्या तरी पगाराशी जोडलं जातं.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. म्हणून दोन अर्ज करा. प्रत्येकाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र ‘अ’ चा नमुना. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, दाखला जोडा. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो.

पहिला अर्ज फुटेजचा:

> १. दि. … रोजी सकाळी ९.४५ ते दुपारी २.०० या कालावधीतील … ठाण्याच्या मुख्य दार, ठाणे अंमलदार कक्ष व लॉकअपबाहेरील मार्गिका येथील कॅमेऱ्यांचे ध्वनीसह चित्रण मूळ फाइल स्वरूपात पेन ड्राइव्हवर द्यावे.
>
> २. काही भाग देता येत नसल्यास कलम १० नुसार उर्वरित भाग द्यावा व नाकारलेल्या भागाचे कलम व कारण नमूद करावे.

दुसरा अर्ज यंत्रणेचा, आणि माझ्या मते हाच जास्त कामाचा. यात मागायचं ते असं: ठाण्यात एकूण किती कॅमेरे, त्या तारखेला कोणते चालू आणि कोणते बंद, फुटेज किती दिवस साठतं, दुरुस्तीसाठी केलेल्या तक्रारींच्या प्रती, मागच्या वर्षभरात देखरेख समितीला पाठवलेल्या अहवालांच्या प्रती. बॉडी कॅमेऱ्याचं प्रकरण असेल तर त्या दिवशी कॅमेरे कोणाला दिले आणि कधी जमा झाले त्या नोंदवहीच्या पानांची प्रत. या अर्जात तुमच्या घटनेचा उल्लेखही नसतो. त्यामुळे ‘तपासात अडथळा’ हे कारण इथे लावता येत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका:

- ‘मला का मारलं?’, ‘कॅमेरा का बंद होता?’ माहिती अधिकारात ‘का’ चालत नाही, नोंद मागता येते. ‘कॅमेरा बंद असल्याच्या नोंदीची प्रत द्यावी’ असं लिहा.
- ‘फुटेज दाखवावे’ असं मोघम लिहिणं. ठाण्यात स्क्रीनवर दहा मिनिटं दाखवतात आणि ‘माहिती दिली’ म्हणून सही घेतात. प्रत हवी, मूळ फाइल हवी, हे स्पष्ट लिहा.
- कोठडीत असलेल्या माणसाबद्दल अर्ज असूनही ४८ तासांची तरतूद न मागणं. जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती कलम ७(१) नुसार ४८ तासांत द्यायची असते. अर्जाच्या वरच ठळक लिहा, आणि व्यक्ती कोठडीत असल्याचं एका वाक्यात सांगा.
- जन माहिती अधिकारी कोण ते शोधण्यात आठवडा घालवणं. ‘जन माहिती अधिकारी, … पोलीस ठाणे’ एवढं पुरतं. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार पाच दिवसांत पुढे पाठवायची जबाबदारी त्यांची.

आरपीएफ किंवा इतर केंद्रीय यंत्रणा असेल तर केंद्राचे नियम लागतात. फी दहा रुपयेच, पण कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा, शब्दमर्यादा ५००. ईडी, एनसीबी, सीबीआय या संस्थांच्या चौकशीच्या जागांनाही २०२० चा निकाल लागू आहे. मात्र या संस्था माहिती अधिकारातून मोठ्या प्रमाणात वगळलेल्या आहेत. तिथे भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप अर्जात स्पष्ट लिहावाच लागतो.

५. नकार आला तर

माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ज) हे नेहमीचं कारण: तपासात अडथळा येईल. तपास सुरू आहे एवढंच पुरेसं नाही, माहिती दिल्याने तपासाला बाधा कशी येईल ते सांगावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात म्हटलं आहे. अपिलात हाच प्रश्न टाका: व्हरांड्यातलं फुटेज मला मिळाल्याने कोणत्या गुन्ह्याच्या तपासाला काय बाधा येते?

दुसरं कारण खाजगीपणाचं, ८(१)(ञ). डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे कलम पूर्वीपेक्षा कडक केलं आहे, त्यामुळे ‘मला काय लपवायचंय’ म्हणून ते उडवून लावू नका. फुटेजमध्ये इतर माणसं असतातच. मागणी स्वतःपुरती करा, इतरांचे चेहरे अस्पष्ट करून द्यायला हरकत नाही असं लिहा, आणि कलम ८(२) मधलं सार्वजनिक हित मांडा. ते कलम अजून जागेवर आहे.

पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. महाराष्ट्रात दोन्हींना वीस-वीस रुपयांचा स्टॅम्प. पहिलं अपील जरूर करा, सुनावणीला स्वतः जा. दुसऱ्या अपिलाला मात्र वर्ष-वर्ष लागू शकतं, त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. तोवर पुढचे टप्पे समांतर चालू हवेत.

तुमच्यावर गुन्हा दाखल असेल तर मार्गच वेगळा. संबंधित न्यायालयात सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली फुटेज हजर करण्याचा आदेश मागता येतो. दोषारोपपत्रासोबत पोलीस ज्यावर विसंबतात ती सामग्री तुम्हाला मिळायलाच हवी. मेमरी कार्डातला मजकूर हा ‘दस्तऐवज’च आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. झडतीच्या चित्रीकरणासाठी माहिती अधिकारात वेळ घालवू नका, ते न्यायालयातूनच मागा.

६. ‘कॅमेरा बंद होता’ म्हणाले, तर खरं काम आता सुरू होतं

हे उत्तर आलं की लोक हात टेकतात. पण २०२० च्या निकालात याच उत्तरासाठी तरतूद आहे. कॅमेरा बिघडला तर प्रभारी अधिकाऱ्याने देखरेख समितीला ताबडतोब कळवायचं. आणि कॅमेरे बंद असलेल्या काळात त्या ठाण्यात कोणाकोणाला अटक झाली, कोणाची चौकशी झाली, याची नोंद समितीकडे पाठवायची.

म्हणजे ‘बंद होता’ म्हणणाऱ्याने दोन कागद तयार केलेले असायला हवेत: बिघाडाचा अहवाल आणि त्या काळातल्या अटका-चौकश्यांची यादी. माहिती अधिकारात हे दोन कागद मागा, एकदा ठाण्याकडून आणि एकदा जिल्हाधिकारी कार्यालयाकडून. तीन शक्यता निघतात. कागद आहेत आणि यादीत तुमचं नाव आहे: ठाण्यातली तुमची हजेरी त्यांच्याच कागदाने सिद्ध झाली. यादीत नाव नाही: मग तुम्हाला नोंदीशिवाय बसवलं होतं. कागदच नाहीत: मग निकालाचा भंग झाला किंवा कॅमेरा चालू होता. तिन्ही उत्तरं तक्रारीला जोडण्यासारखी आहेत, आणि शेवटचं तर फुटेजइतकंच बोलकं.

दुरुस्तीच्या तक्रारींच्या तारखा नीट पाहा. बिघाडाची नोंद तुमच्या पत्रानंतरची असेल तर ती पेनाने गोल करून ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांमधल्या चालू नसलेल्या कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली आहे, हेही अपिलात लिहा.

बॉडी कॅमेऱ्याच्या बाबतीत ‘चालू केला नव्हता’ हे उत्तर येतं. तिथे नोंदवही मागायची: कॅमेरा दिला होता का, चार्ज होता का, त्याच ड्युटीत इतर वेळेचं रेकॉर्डिंग आहे का. सकाळभर चालू असलेला कॅमेरा नेमका त्या वीस मिनिटांत बंद असेल, तर त्याचं उत्तर त्या अंमलदाराने द्यायचं असतं.

सावधान: ‘पुरावा नष्ट केला’ असा आरोप लगेच लिहू नका. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. पण त्यासाठी ते अस्तित्वात होतं आणि तुम्ही जपायला सांगितलं होतं, हे दाखवावं लागतं. तिसऱ्या टप्प्यातली पोच इथे कामाला येते.

७. तक्रार कुठे

इथे सगळीकडे एकच अर्ज पाठवून देण्याची सवय नडते.

गुन्हा नोंदवायचा असेल तर आधी ठाणं, नकार मिळाला तर सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार लेखी मजकूर पोलीस अधीक्षकांना, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हा क्रम मोडला तर अर्ज त्यावरच अडतो. लोकसेवकाविरुद्धची तक्रार असल्यास दंडाधिकारी वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवू शकतात, तेव्हा वेळ लागेल असं धरून चाला.

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे. फी नाही, मराठीत तक्रार चालते, घटनेपासून एक वर्षाची मुदत. २०२० च्या निकालाने आयोगाला आणि मानवी हक्क न्यायालयाला घटनेचं फुटेज तातडीने मागवून सुरक्षित ठेवण्याची मोकळीक दिली आहे. म्हणून तक्रारीची पहिली मागणी ‘कारवाई करा’ नको, ‘फुटेज मागवून ताब्यात घ्या’ ही हवी. राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही आयोगांकडे एकदम जाऊ नका. एकाकडे प्रकरण आहे म्हणून दुसरा हात काढून घेतो.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हे पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनासाठी आहे: कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, कायदा धाब्यावर बसवून केलेली अटक, खंडणी अशी प्रकरणं. ‘हवालदार उद्धट बोलला’ यासाठी तिथे जाऊ नका, ते वरिष्ठांकडे.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर हा लेख बाजूला ठेवून त्याच तासाला वकील गाठा. दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली होते, आणि फुटेजची मागणी तिथे पहिल्याच दिवशी नोंदवायची.

८. फुटेज हातात आल्यावर

पेन ड्राइव्ह मिळाला की पहिलं काम: तो तसाच बाजूला ठेवायचा. संगणकावर एक प्रत करा, दुसरी वेगळ्या डिस्कवर, आणि पाहायचं ते प्रतीतून. फाइलचं नाव बदलू नका, कापू नका, व्हॉट्सॲपवर टाकू नका. तिथून गेलेला व्हिडिओ आकसतो आणि मूळ फाइलशी जुळेनासा होतो. फाइलचा हॅश (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा अंक-अक्षरांचा ठसा) काढून तारखेसह कागदावर लिहून ठेवा. जमत नसेल तर संगणकाच्या दुकानात कोणीही पाच मिनिटांत काढून देईल.

न्यायालयात हे वापरायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि हॅश त्यात लिहावा लागतो. जालना मतदारसंघातल्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असं प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं सांगितलं, तेव्हा जुन्या कायद्याचं कलम ६५ब होतं. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडून मागवता येतं, हेही त्यातच आहे. म्हणून प्रत घेतानाच प्रमाणपत्र लेखी मागा, आणि नकार दिला तर नकारही लेखी घ्या.

पाहताना घाईने ‘तो’ प्रसंग शोधू नका. आधी एखादी पक्की वेळ असलेली गोष्ट पकडा, जसं तुमचा फोन कानाला लागलेला क्षण, आणि कॉलच्या नोंदीशी ताडून घड्याळात किती फरक आहे ते काढा. मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत तक्ता करा: कॅमेरा, स्क्रीनवरची वेळ, खरी वेळ, काय दिसतं, आवाज आहे का. मध्ये तुटलेले भाग वेगळे लिहा. प्रत्येक तुटलेला भाग म्हणजे छेडछाड नव्हे. बरेच डीव्हीआर हालचाल झाली तरच रेकॉर्ड करतात, रिकाम्या व्हरांड्यात रात्री तुटकच दिसणार. पण माणसं चालत असताना मध्येच सात मिनिटं गायब असतील तर ते वेगळं, आणि दुसऱ्या कॅमेऱ्यात तीच सात मिनिटं आहेत का ते लगेच पाहायचं.

समाजमाध्यमांवर टाकायचा मोह होईल. आधी वकिलांना दाखवा. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड होईल असं काही त्यात असेल तर न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो. शिवाय समोरच्याला तुमच्याकडे नेमकं काय आहे ते आधीच कळतं, आणि त्याचा जबाब त्या हिशेबाने तयार होतो. वकिलांकडे जाताना तक्ता, पोच आणि पेन ड्राइव्ह एकाच फाइलमध्ये न्या; पहिल्या भेटीत ते व्हिडिओ नाही, तक्ता वाचतात.